ड्रॅग स्ट्रिपवर हसं करून घ्यायचं नसेल, तर या चुका टाळा

ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर, गाडी हळू पळाली म्हणून कोणी हसत नाही. पाव मैलाला अठरा सेकंद घेणाऱ्या साध्या घरच्या गाडीकडेही लोक कौतुकानेच बघतात. हसतात ते भलत्याच गोष्टींना. शर्यत १३२० फुटांची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची असली, तरी फजिती बहुतेक वेळा सुरुवातीच्या वीस-पंचवीस फुटांतच होते, आणि गर्दीही नेमकी तिथेच दाटलेली असते. खाली लिहिलेल्यांपैकी निदान चार चुका मी स्वतः केल्या आहेत. कोणत्या, ते सगळं सांगणार नाही.

रांगेत लागण्याआधी

चाकाचे नट. स्लिक (नक्षी नसलेले) किंवा ड्रॅग रेडियल (ड्रॅगचे खास पकडीचे) टायर चढवताना कोणीतरी ओळखीचं येतं, "काय, किती टाइम आला?" विचारतं, आपण पाना खाली ठेवून गप्पा मारतो आणि त्या चाकाचे दोन नट हाताने फिरवले तेवढेच राहतात. लाँचचा, म्हणजे गाडी जोरात सुटतानाचा, हिसका बसला की चाक डुगडुगायला लागतं, आणि दिवस फारच वाईट असेल तर गाडीच्या आधी पुढे निघून जातं. ज्याने चाक चढवायला घेतलं त्यानेच ते टॉर्क रेंचने शेवटपर्यंत आवळावं. मध्ये कोणी बोलायला आलं, तर पुन्हा पहिल्या नटापासून सुरुवात.

दुसरा प्रकार बॉनेटचा. इंजिन गार व्हावं म्हणून रांगेत बॉनेट उघडं ठेवलेलं असतं. रांग अचानक सरकते, आपण घाईत ते नुसतं टेकवतो. वेग वाढला की वारा खाली शिरतो आणि बॉनेट उलटं येऊन काचेवर आदळतं. ऑइलचं झाकण, रेडिएटरचं झाकण, इंजिनावर विसरलेला पाना आणि टपावर ठेवलेलं हेल्मेट हीसुद्धा याच कुटुंबातली मंडळी. गाडीच्या आतली पाण्याची बाटली मात्र गंमत म्हणून सोडून देऊ नका. लाँचला ती मागे जाते आणि शेवटी ब्रेक मारताना पुढे घरंगळत येऊन पेडलखाली अडकू शकते.

वजन कमी करायचं म्हणून टाकी जवळजवळ रिकामी ठेवणारे बरेच असतात. लाँच होताना पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला धावतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि गाडी पहिल्याच गिअरमध्ये खोकते. ड्रायव्हर मग दिवसभर प्लग आणि सेन्सर तपासत बसतो. आणखी दहा लिटर पेट्रोल टाकून एकदा पळवून बघा. निम्म्या वेळा आजार तिथेच बरा होतो.

टेक तपासणीत (गाडीच्या सुरक्षिततेच्या तपासणीत) हुज्जत घालणं हीसुद्धा चूकच. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमांत पाव मैलाला १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं आहे. ११.४९ आणि त्याखाली रोल बार (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारी लोखंडी कमान) लागतो, २००८ पासूनच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना त्यात काही सवलत आहे. ९.९९ पासून खाली खास परवाना लागतो. रोल बार नसताना ११.२ मारून उड्या मारणाऱ्याला थोड्याच वेळात घरी पाठवतात, हे दृश्य जवळजवळ प्रत्येक स्ट्रिपने पाहिलेलं आहे. तपासणारे उगाच कडक नसतात. १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स स्ट्रिपवर नामवंत ड्रॅग शर्यतपटू डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरची (खास ड्रॅगसाठी बांधलेल्या लांब गाडीची) ट्रान्समिशन स्टार्टलाच फुटली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं आणि पुढे त्या वर्गातल्या गाड्यांची रचनाच बदलली.

पाणी, धूर आणि हात दाखवून अवलक्षण

वॉटर बॉक्स म्हणजे स्टार्ट लाइनच्या मागची ओली केलेली जागा. तिथलं पाणी स्लिकसाठी असतं. टायर ओला करायचा, पुढे येऊन फिरवायचा, रबर तापून चिकट झालं की थांबायचं. नक्षी असलेल्या रस्त्याच्या टायरने त्याच पाण्यातून गेलात, तर खाचांमध्ये पाणी भरतं, मडगार्डच्या आतही उडतं आणि नेमकं स्टार्ट लाइनवर टपटपत बसतं. मग तुमचीही गाडी घसरते आणि मागून येणाऱ्याचीही. रस्त्याचे टायर असतील तर वॉटर बॉक्सला वळसा घालून या, पुढे कोरड्यात एकदोन वेळा चाकं फिरवून खडे-माती झटका, एवढं पुरे. लांबलचक बर्नआउटने (जागच्या जागी चाकं फिरवून धूर काढण्याने) असा टायर वरून तेलकट होतो आणि पकड उलट कमी होते. गर्दीला धूर आवडतो हे खरं, पण स्लिपवर, म्हणजे फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या कागदावर, धुराचा रकाना नसतो.

पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत हँडब्रेक ओढून बर्नआउट करतात आणि तो सोडायचाच राहतो. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत लाइन लॉकचं बटण तसंच. ते दाबलेलं असेपर्यंत पुढचे ब्रेक धरलेले राहतात, मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि ड्रायव्हर गाडी पुढे का जात नाही म्हणून आणखी रेस देतो. ऑटोमॅटिकवाल्यांची अडचण वेगळी. बर्नआउट बऱ्याचदा दुसऱ्या गिअरमध्ये करतात, आणि पहिल्यावर परत यायचं विसरलं की हिरव्या दिव्याला गाडी बैलगाडीसारखी निघते. आधुनिक गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) चालू राहिला की तेच. बर्नआउट होतच नाही, ड्रायव्हर क्लचला शिव्या घालतो.

आणि आता माझी एक. भर उन्हात रांगेत एसी चालू ठेवला होता. स्टार्ट लाइनवर गाडी उभी राहिली, खालून थेंब थेंब पाणी पडायला लागलं. स्टार्टरने (शर्यत सुरू करून देणाऱ्या माणसाने) हात वर करून सगळं थांबवलं, एक माणूस वाकून खाली बघायला आला, दुसरा फडकं घेऊन आला. कूलंट गळतंय की तेल, यावर दोन मिनिटं गंभीर चर्चा झाली. मी आत बसून एसीचं बटण हळूच बंद केलं. तेव्हापासून रांगेत शेवटच्या चार गाड्या उरल्या की पहिला हात त्या बटणाकडे जातो.

मदतनीसाबद्दलही एक सूचना. स्टार्टजवळच्या ट्रॅकवर पकडीसाठी रसायन मारलेलं असतं आणि त्यावर रबराचा थर बसलेला असतो. तिथे सैल चप्पल घालून गेलेला मित्र पुढे जातो, चप्पल मागे राहते.

दिवे आणि किरण

नवखा माणूस इथेच सगळ्यात जास्त गोंधळतो, म्हणून जरा सविस्तर. स्टार्ट लाइनवर प्रकाशाचे दोन किरण आडवे गेलेले असतात. पुढचं चाक पहिल्यात आलं की प्री-स्टेजचा दिवा लागतो. साधारण सात इंच आणखी पुढे गेलं की स्टेजचा. चूक अशी होते की प्री-स्टेज लागताच ड्रायव्हर क्लच सोडून गाडी ढकलतो, दोन्ही किरण ओलांडून जातो आणि मग दिवे कुठे गेले म्हणून वर बघत बसतो. स्टार्टर मागे यायची खूण करतो. आता रिव्हर्स टाकला जातो, आणि पुढची फजिती इथेच जन्मते. मागे आलेली गाडी किरणांत बसल्यासारखी वाटते, ट्रीचे (स्टार्टच्या दिव्यांच्या खांबाचे) पिवळे दिवे लागतात, ड्रायव्हर पाय दाबतो आणि गाडी पूर्ण जोरात उलटी सुटते. मागे माणूस उभा असेल तर हा विनोद राहत नाही. म्हणून मागे आलात की दोन्ही दिवे विझेपर्यंत या, पहिला गिअर टाका आणि पुन्हा पुढे सरकत एकेक दिवा लावा. पुढे सरकून स्टेज झालेली गाडी रिव्हर्समध्ये असूच शकत नाही.

स्टेज करताना इंचाइंचाने सरका. प्री-स्टेज लागला की थांबा, समोरच्यालाही (शेजारच्या लेनमधल्या प्रतिस्पर्ध्याला) तो लावू द्या. हा शिष्टाचार आहे, आणि तो न पाळणाऱ्याला पिटमध्ये (गाड्या तयार करायच्या जागेत) फार मित्र मिळत नाहीत. पण एकदा समोरचा पूर्ण स्टेज झाला, की तुम्ही चष्मा पुसत बसू नका. बऱ्याच ठिकाणी यंत्र आपोआप वेळ मोजतं आणि उशीर केला तर शर्यत तिथेच हातची जाते.

किरणांत किती खोल उभं राहता यानेही फरक पडतो. स्टेजचा दिवा लागताच थांबलात, तर घड्याळ सुरू व्हायच्या आधी गाडीला थोडी पळायला जागा मिळते. ई.टी. (स्टार्टपासून शेवटच्या रेषेपर्यंत लागलेला वेळ) चांगली दिसते, रिअ‍ॅक्शन टाइम (हिरव्या दिव्यापासून गाडी निघेपर्यंतचा वेळ) जरा वाढतो. प्री-स्टेज विझेपर्यंत आत गेलात की उलटं होतं, आणि रेड लाइटचा, म्हणजे हिरव्याआधी निघून बाद होण्याचा, धोका वाढतो. दर वेळी वेगळ्या जागी उभं राहणाऱ्याने आपल्या आकड्यांवर कसलाच निष्कर्ष काढू नये.

लवकर आणि उशिरा

१९६३ मध्ये ट्री आली, त्याआधी झेंडेवाला असायचा आणि ड्रायव्हर त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून अंदाज बांधत. आता अंदाज दिव्यांचा. साध्या ट्रीवर तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात, प्रो ट्रीवर तिन्ही एकदम आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरवा बघून पाय दाबणारा उशिराच निघतो, कारण डोळा, पाय आणि गाडी या तिघांनाही वेळ लागतो. साध्या ट्रीवर तिसरा पिवळा लागला की निघायचं. आधी घाबरल्यासारखं होईल. सरावाच्या फेऱ्यांत रेड लाइट खा, तिथे तो फुकट असतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ई.टी.चं घड्याळ चाक किरणातून बाहेर पडल्यावर सुरू होतं, हिरव्या दिव्याला नाही. म्हणून तुम्ही १४.२० मारूनही हरू शकता. तुमचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.४५० असेल तर एकूण १४.६५०. समोरच्याची गाडी १४.५० ची, पण तो ०.०८० ला निघाला, एकूण १४.५८०. हळू गाडीवाला जिंकला. हे पचायला वेळ लागतो, यंत्र बिघडलंय अशी तक्रार घेऊन टॉवरकडे (नियंत्रण कक्षाकडे) जाणारे दर मोसमात दिसतात.

ब्रॅकेट शर्यतीत (हळू गाडीला आघाडी देऊन होणाऱ्या शर्यतीत) काचेवर लिहिलेला डायल-इन (गाडी किती वेळ घेईल याचा तुम्हीच सांगितलेला अंदाज) आणि बोर्डावरचा आकडा जुळतो का, हे स्टेज करण्याआधी बघायची जबाबदारी तुमचीच. १४.०० चे १५.०० झाले, तर समोरच्याला मिळणारी आघाडी बदलते आणि तुमचा ब्रेकआउट (डायल-इनपेक्षा कमी वेळ घेऊन हरणं) ठरलेला. हळू गाडीला हिरवा आधी मिळतो. तुमचा डायल-इन १४.०० आणि समोरच्याचा १५.०० असेल तर तो एक सेकंद आधी सुटतो. त्याला निघताना बघून तुमचाही पाय सुटला, तर जवळजवळ एक सेकंदाचा रेड लाइट बोर्डावर सगळ्यांना दिसेल असा झळकतो. समोरच्याकडे बघूच नका. काही जण यासाठी खिडकीच्या बाजूला आडोसा लावतात, त्यांना हसू नका.

मधला आणि शेवटचा भाग

मॅन्युअल गाडीत तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला की इंजिन लाल रेघेच्या फार पुढे ओढलं जातं. व्हॉल्व्ह वाकतात, कधी रॉड बाहेर येतो. लिव्हर मुठीत आवळून ओढू नका, उघड्या तळव्याने ढकला.

वेगाची नोंद शेवटच्या ६६ फुटांत होते. तिथल्या खुणा पाहून शर्यत संपली असं समजून पाय काढणारे आहेतच. पहिल्या फेरीआधी शेवटची रेषा नक्की कुठे आहे, हे चालत जाऊन किंवा विचारून पक्कं करा. पुढे गेल्यावर आपली लेन सोडू नका, बाहेर पडायचा रस्ता कोणत्या बाजूला आहे आणि आधी कोणी वळायचं, हे त्या-त्या ठिकाणी सकाळीच सांगतात. गाडीखालून काही सांडतंय असं वाटलं तर भिंतीलगत थांबा. तशीच शेवटपर्यंत नेलीत, तर सगळ्या लेनभर तेलाची रेघ ओढून बाकीच्यांना तासभर बसवून ठेवाल.

स्लिप काय सांगते

लेन खराब होती, हे नाचता येईना अंगण वाकडं. आधी स्लिप वाचा. ६० फुटांचा आकडा (पहिले ६० फूट जायला लागलेला वेळ) वाईट आणि शेवटचा वेग चांगला असेल, तर इंजिन ठीक आहे, दोष पकडीचा किंवा तुमच्या पायाचा. टायरमधली हवा, लाँचचे आरपीएम आणि क्लच सोडण्याची गती यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदला. ६० फूट चांगले आणि वेग कमी, तर ताकद कुठेतरी गळतेय: उष्ण हवा, निसटलेला टर्बोचा पाइप, किंवा बाटलीचा व्हॉल्व्ह न उघडताच दाबलेलं नायट्रसचं (इंजिनाला जादा ताकद देणाऱ्या वायूचं) बटण. दोन्ही आकडे नेहमीसारखे आणि तरीही हरलात, तर वरचा पहिला आकडा बघा, तो रिअ‍ॅक्शन टाइम आहे.

अर्थात यासाठी स्लिप हातात यावी लागते. परतीच्या रस्त्यावर ती देणारा माणूस खिडकीतून कागद पुढे धरून बसलेला असतो, आणि पहिल्यांदा पळालेला ड्रायव्हर छातीतली धडधड सांभाळत त्याच्यासमोरून तसाच निघून जातो.