फुकेत ते लंकावी : शीडबोटीवर पहिल्यांदा क्रू म्हणून जाताना

शीडबोट चालवायला मुंबईत शिकता येतं, गोव्यात शिकता येतं. आरवायएचा (ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा) ‘कॉम्पिटंट क्रू’ हा पाच दिवसांचा कोर्स केला की गाठी, विंच (दोर ओढायची चरखी) आणि रीफ घेणं (वारा वाढला की शीड आखडणं) हाताला बसतं. मग कोणाच्या तरी अडतीस-चाळीस फुटी बोटीवर खर्चात वाटा उचलून महिनाभर राहायची संधी येते. तिथे गेल्यावर लक्षात येतं की शिडं हाताळायला दिवसाकाठी चार-पाच तास पुरतात, तेही बोट हलली तर. बाकीचा वेळ पाणी, वीज, गॅस आणि मीठ यांच्या हिशेबात जातो. कप्तान नवख्याला पारखतो तोही याच हिशेबात.

अंदमान समुद्राच्या पूर्वेचा, थायलंडच्या फुकेतपासून मलेशियाच्या लंकावीपर्यंतचा पट्टा नवख्यांना फार सोयीचा. अंतर सव्वाशेच्या आसपास सागरी मैल, मध्ये फी फी, लान्ता, रोक, लिपे अशी बेटं, त्यामुळे दिवसादिवसाच्या टप्प्यांत जाता येतं. लिपेहून लंकावी तर तीसेक मैलच. मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. ईशान्येचा वारा जमिनीवरून येतो, म्हणून लाटा उठत नाहीत. सकाळी वारा चांगला असतो, दुपारी बहुतेक पडतो. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे आले की पश्चिमेकडे तोंड असलेल्या नाय हार्नसारख्या खाड्या उघड्या पडतात. लंकावी १९८७ पासून करमुक्त बेट आहे, त्यामुळे मोठी खरेदी तिथेच करायची रीत आहे.

सकाळी उठल्याउठल्या बॅटरीचं मीटर बघायचं. दोन माणसांच्या, नांगरलेल्या बोटीचा रोजचा खर्च १२ व्होल्टवर साधारण ९० ते १०० अँपिअर-तास धरा. त्यातले पन्नासेक एकटा फ्रिज खातो, कारण समुद्राचं पाणीच २९-३० अंश असतं आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. उरलेले पंखे, दिवे, फोन, लॅपटॉप यांचे. ऑटोपायलट लावून रात्रभर चाललात तर आणखी साठ-सत्तर. ४०० वॉटची सौर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी ११० ते १३० देतात, म्हणजे जेमतेम पुरतं. पण बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) किंवा वाळत टाकलेल्या टॉवेलची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी त्या पॅनेलचं उत्पादन धाडकन खाली येतं. म्हणून नांगर टाकल्यावर बूम दोरीने बाजूला ओढून ठेवतात. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवायच्या नाहीत. भार नसताना १२.२ व्होल्ट दिसले की निम्मं संपलं असं समजा. फ्रिज दिवसातून दोनदाच उघडा. दुपारी पॅनेल भरात असताना पाण्याच्या बाटल्या गार करून ठेवल्या की रात्री कॉम्प्रेसर कमी चालतो.

पाण्याचं गणितही असंच. टाकी ३०० लिटरची, माणशी १० ते १२ लिटर, म्हणजे दोघांना बारा ते पंधरा दिवस. प्रेशर पंप सुरू ठेवला की हेच पाणी आठवड्यात उडतं. म्हणून स्वयंपाकघरात पायपंप वापरतात, कारण पाय थांबला की पाणी थांबतं. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. (बंदरात नांगरलेले असाल तर हे विसरा, तिथलं पाणी ताटाला लावायच्या लायकीचं नसतं.) अंघोळीला बागेतल्या फवारणीचा दोन लिटरचा हातपंप पुरतो. मागच्या शिडीवरून समुद्रात डुबकी, साबण, पुन्हा डुबकी, मग फवाऱ्याने मीठ काढायचं. ते काढलंच पाहिजे. मीठ हवेतली ओल ओढतं, आणि खारट अंगाने गादीवर बसलात तर ती गादी कायमची दमट राहून तिला बुरशी धरते.

पाऊस आला तर ताडपत्रीला नळी जोडून पाणी धरता येतं. आठ चौरस मीटर ताडपत्रीवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे २०० लिटर. पहिली दहा मिनिटं मात्र वाहू द्यायची, त्यात मीठ आणि पक्ष्यांची घाण असते. किनाऱ्यावरच्या शंकास्पद नळाचं पाणी भरलं तर १०० लिटरला साधं, बिनवासाचं ब्लीच दोन चहाचे चमचे. बोटीवर वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, असला तर बंदरात तो लावायचा नाही. तेलाच्या तवंगाने त्यातलं मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, वाया जातं, आणि क्लोरिननेही.

नांगर टाकणं हे क्रूचं खरं काम, आणि त्यात घाई करणारे नवखे फार. आधी साखळी किती सोडायची ते काढा. खोली ६ मीटर, पाण्यापासून बोटीच्या तोंडाची उंची दीड मीटर, आणि इथे उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं. म्हणजे भरतीला दहा मीटर झाले. त्याच्या पाचपट, ५० मीटर साखळी. ओहोटीला खोली मोजून भरतीचा हिशेब विसरणं ही नेहमीची चूक, आणि तिचं फळ मध्यरात्री मिळतं. वाऱ्याकडे तोंड करून बोट पूर्ण थांबवायची, नांगर तळाला टेकेपर्यंत सोडायचा, आणि बोट मागे सरकेल तशी साखळी द्यायची. सगळी एकदम ओतली तर ती नांगरावरच ढीग होऊन अडकते. मग इंजिन रिव्हर्समध्ये, आधी अगदी हळू, मिनिटभराने १८०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्या). किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक खडक एका रेषेत धरा. रेष हलली नाही तर नांगर बसला. साखळीवर हात ठेवा. ती ताणून स्थिर राहिली तर ठीक, घरघर किंवा हिसके जाणवले तर नांगर तळावरून ओढला जातोय. शेवटी आठ-दहा मीटर नायलॉनचा दोर, म्हणजे स्नबर, साखळीला अडकवून भार त्याच्यावर घ्यायचा. नाहीतर सगळे झटके विंडलासला, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राला, बसतात.

फुकेतच्या पूर्वेच्या फांग-न्गा उपसागरात तळाला मऊ चिखल आहे. तिथे नांगराला दहा मिनिटं स्वतःच्या वजनाने रुतू द्या, मगच मागे ओढा. साखळी वर घेताना चिखल बादलीने धुवा, न धुतलेली साखळी आत गेली की पुढच्या केबिनमध्ये झोपणाऱ्याची पंचाईत होते. उधाणाच्या दिवसांत तिथे प्रवाह इतका जोरात असतो की बोटी वाऱ्याऐवजी प्रवाहाच्या दिशेने तोंड करतात, आणि खोल कण्याची (तळाच्या पात्याची) बोट नि शेजारचा दोन सांगाड्यांचा कॅटामरान वेगवेगळ्या वेळी फिरतात. अंतर त्या हिशेबाने ठेवा. बेटांजवळ स्वच्छ पाण्यात वाळूचा फिकट पट्टा दिसेपर्यंत थांबा, प्रवाळावर नांगर टाकू नका. राष्ट्रीय उद्यानांत बोट बांधायला तरंगत्या बोया असतात. बोयाला बांधल्यावर मास्क लावून खालचा दोर झिजला आहे का ते बघून या.

मोसमातही अधूनमधून रात्री स्क्वॉल, म्हणजे अचानकचं छोटं वादळ, येतो. क्षितिजावर काळी फळी दिसते, हवा एकदम गार होते, आणि पाच मिनिटांत वारा तीस-चाळीस नॉट, तोही भलत्याच दिशेने. म्हणून झोपण्यापूर्वीच ताडपत्री उतरवून बांधायची, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी बोट) पाण्याबाहेर उचलायची, डेकवर सुटं काही ठेवायचं नाही. रात्री चालत असाल तर अंधार पडण्याआधी एक रीफ घेऊनच ठेवतात, वेग थोडा कमी मिळाला तरी चालतो. डायव्हिंगचा मास्क कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, हाताशी हवा, आडव्या पावसात डोळे उघडे ठेवायला तोच उपयोगी पडतो. विजा जवळ आल्या की जादा जीपीएस आणि हातातला व्हीएचएफ रेडिओ ओव्हनमध्ये टाकतात. धातूच्या पेटीत ही उपकरणं वाचण्याची शक्यता जास्त.

इंजिन सुरू करण्याआधी तेल, कूलंट, पट्टा आणि समुद्राच्या पाण्याची गाळणी, या चार गोष्टी रोज बघायच्या. सुरू झाल्यावर मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी येतंय ना ते बघा. अर्ध्या मिनिटात आलं नाही तर लगेच बंद. गाळणीत प्लॅस्टिकची पिशवी किंवा जेलीफिश अडकलेला असतो, आणि कोरडा फिरलेला रबरी इंपेलर (पाण्याच्या पंपातलं चाक) लवकर जातो. मासेमारीच्या जाळ्यांचे बिनदिव्याचे तरंगते डबे या भागात सगळीकडे आहेत, म्हणून रात्रीची पाळी फोनवर काढायची नसते.

स्वयंपाकात मराठी माणसाला अडचण अशी नाही. झाकण घट्ट बसणारा कुकर हे हलत्या बोटीवरचं सगळ्यात सुरक्षित भांडं. गॅस वाचतो, सांडत नाही. मूग-मटकीला मोड आणले की भाजी संपल्यावरही ताजं खायला मिळतं. इथल्या उष्म्यात ते दीड दिवसात येतात, फक्त पाणी दोनदा बदला. कोबी फ्रिजबाहेर टिकतो, अंडी कधीही गार न केलेली घ्यावीत. पुठ्ठ्याची खोकी मात्र धक्क्यावरच सोडायची, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. गॅसबद्दल कप्तान चिडखोर असतो आणि ते योग्यच आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, साठतो आणि घरासारखा खिडकीतून निघून जात नाही. स्वयंपाक झाला की आधी बाटलीचा व्हॉल्व्ह बंद, ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीचं बटण.

हेड, म्हणजे संडास. खाल्लेल्या अन्नाखेरीज काहीही त्यात जात नाही, कागदही नाही. हातपंपाचे पंधरा-वीस हिसके मारायचेच, कारण नळी लांब असते. दुर्गंधी येते ती बऱ्याचदा नळीत साचून कुजलेल्या समुद्राच्या पाण्याची.

प्रवाळाचा ओरखडा इथे दोन दिवसांत चिघळतो. गोड्या पाण्याने धुवा, जंतुनाशक लावा, भरेपर्यंत पोहणं बंद. रोज पोहणाऱ्यांचे कान दुखू लागतात, ते कोरडे ठेवा. तिवरांजवळ नांगरलात तर सूर्यास्ताआधी जाळ्या लावा, डेंग्यू आहे. बोट लागत असेल तर सिनारिझिनची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या आदल्या रात्रीपासून घ्या. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आणि मळमळ सुरू झाली की केबिनमध्ये जाऊ नका, सुकाणू हातात घ्या.

सामान मऊ पिशवीत आणा, चाकांची बॅग ठेवायला बोटीवर जागाच नसते. पांढऱ्या तळव्यांचे बूट, लांब बाह्यांचे दोन पातळ शर्ट, लाल प्रकाशाचा हेडलॅम्प, पोलराइज्ड चष्मा, आणि हवाबंद पाकिटात एक किलो थालीपिठाची भाजणी.