परागकणांची मोजणी आणि नोंदवही: पुरापरिस्थितिविज्ञानात येणाऱ्यांसाठी

पुरापरिस्थितिविज्ञान म्हणजे जुन्या काळातील सजीव व पर्यावरण यांचा अभ्यास. त्यासाठी तलावाच्या गाळात साठलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. सोलापुरातून या विषयाकडे वळणारे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला बिचकतात. माझ्या मते खरी कसोटी नोंदींची असते. हिप्परगा तलावाच्या गाळावर काम करताना हे मला चांगलेच पटले.

बाभळीचेच पाहा. तिचे परागकण सुटे नसतात, तर बहुधा सोळा कणांचा एक गुच्छ असतो. तो १ मोजायचा की १६, हे पहिल्या स्लाइडआधी ठरवून वहीत लिहिले नाही, तर पुढे तुमचे आकडे दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत. जुन्या तक्त्यांत हीच बाभूळ ‘अकेशिया’ असते, नव्या वर्गीकरणात ‘व्हॅचेलिया’. मूळ नाव खोडू नये, नवे शेजारच्या रकान्यात लिहावे. नुसती टक्केवारी जपून ठेवणे तर मला अजिबात मान्य नाही, कारण पाणवनस्पती बेरजेत धरल्या की वगळल्या यावर गवताचा वाटा बदलतो आणि कच्चे आकडे हाती नसतील तर तो हिशेब पुन्हा मांडता येत नाही.

गाळाचा नमुना किती खोलवरचा, ती खोली ‘५-१०’ अशी लिहिली की एक्सेल तिची परस्पर तारीख करते. म्हणून वरची व खालची खोली वेगळ्या रकान्यांत लिहावी आणि ती पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजली की गाळाच्या, हेही नोंदवावे.

हिप्परगा तलाव एकोणिसाव्या शतकातला असल्याने तिथल्या गाळाचे वय काढायला शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे उपयोगी पडते. हजारो वर्षांच्या गाळासाठी मात्र रेडिओकार्बन, म्हणजे किरणोत्सारी कार्बन-१४, लागतो. त्यात प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, कशाचे वय काढले ते, आणि अंशशोधन (मोजलेले वय ठरावीक वक्राशी ताडून प्रत्यक्ष वर्षांत बदलणे) न केलेले वय त्रुटीसह द्यावे. अंशशोधनाचे वक्र बदलत राहतात. २०२० मध्ये ‘इंटकॅल२०’ हा नवा वक्र आल्यावर ज्यांच्याकडे मूळ वये होती त्यांना अंशशोधित वये नव्याने काढणे सोपे गेले. या पद्धतीत ‘आज’ म्हणजे १९५० हे वर्ष, हेही ध्यानात असू द्यावे.

‘निओटोमा’ या खुल्या डेटाबेसमध्ये प्रशिक्षित व्यवस्थापकांमार्फत डेटा जातो, आणि श्रेय देऊन तो कुणालाही वापरता येतो. आपली मेहनत दुसराच पळवील ही धास्ती आपल्याकडे फार आहे. पण शोधनिबंध छापून येईपर्यंत डेटा राखून ठेवण्याची सोय तिथे आहे. फक्त मार्गदर्शक सर किंवा मॅडम आणि सहलेखक यांची संमती आधीच लेखी घ्यावी.

उरलेला गाळ कोणत्या फ्रीजमध्ये, कोणत्या क्रमांकाने ठेवला आहे, हेही त्याच नोंदीत लिहावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज गेली की तो सुकतो, बुरशी धरतो. तशा खंडाची तारीखही नोंदवावी, म्हणजे पुढे त्याच गाळातून नमुना मागणाऱ्याला तो कितपत भरवशाचा आहे हे कळते.