अ‍ॅलर्जी किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांची सुट्टी: या चुका टाळा

शाळा चालू असते तेव्हा बहुतेक घरांची घडी बसलेली असते. डबा घरचा, झोपेची वेळ ठरलेली, शिक्षकांना सगळं सांगून झालेलं. गडबड होते ती सुट्टीत. घर पाहुण्यांनी भरतं, जेवण दोन-दोन तास लांबतं, स्वयंपाकघरात एकाच वेळी चार जण वावरतात आणि "एक दिवस चालतं हो" हे पालुपद सुरू होतं. चुका मात्र दर सुट्टीत त्याच. त्यातल्या दोन सर्वांत महागात पडतात, म्हणून त्यांच्यावर सविस्तर. बाकीच्या थोडक्यात.

सिरप पाजून "बघू जरा" म्हणणं

प्रसंग थोड्याफार फरकाने असाच घडतो. सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. त्याचं जेवण वेगळं काढलंय, भांडंही वेगळं आहे. घरात दहा-बारा मोठी माणसं, त्यामुळे कुणाचं ना कुणाचं लक्ष असेलच, असा प्रत्येकाचा समज. कुणीतरी मायेने वाढायला येतं आणि शेजारच्या भांड्यातला डाव उचलून या भांड्यात घालतं. थोड्या वेळात मूल पोटात दुखतंय म्हणतं. मग उलटी. "जास्त झालं असेल." अंगावर गांधी नाहीत, म्हणून अ‍ॅलर्जी कुणाच्या मनातही येत नाही. मग खोकला सुरू होतो, आवाज घोगरा होतो. आता कुठे शंका येते आणि सेट्रिझिनचं (अ‍ॅलर्जीवरच्या औषधाचं) सिरप पाजलं जातं. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन वरच्या मजल्यावरच्या बॅगेत. "एवढ्यासाठी सुई कशाला?" यावर सगळ्यांचं एकमत. वीस मिनिटांनी मुलाला उभं करून गाडीपर्यंत चालवत नेतात आणि ते दारातच कोसळतं.

पुरळ नाही म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. काही तीव्र प्रतिक्रियांमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही. अ‍ॅलर्जीचा पदार्थ पोटात गेल्याची शक्यता आहे आणि लक्षणं शरीराच्या दोन ठिकाणी दिसतायत (उलटी आणि खोकला, गांधी आणि बसलेला आवाज), तर ती अ‍ॅनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र प्रतिक्रिया, समजून चाला. श्वासाचा त्रास किंवा भोवळ एकटी असली तरी पुरे. फार लहान मुलांना सांगता येत नाही. ती जीभ ओढतात, कान खाजवतात किंवा एकदम गप्प आणि मलूल होतात.

सिरप खाज आणि गांधी कमी करतं, तेही सावकाश. सुजलेला श्वासमार्ग ते मोकळा करत नाही आणि पडलेला रक्तदाब वर आणत नाही. ते काम अ‍ॅड्रेनालिनचं. सिरप दिल्याने घरच्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि तोटा नेमका तोच, कारण त्या समाधानात वेळ जातो.

इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर. कपड्यांवरून दिलं तरी चालतं, फक्त खिशात काही नाही आणि जाड शिवण मध्ये येत नाही एवढं पाहा. पाय घट्ट धरा. मुलाने पाय झटकला तर सुईने चीर पडते. हे इंजेक्शन बहुधा मात्रा आधीच भरलेल्या पेनमध्ये मिळतं. पेन दाबून किती सेकंद धरायचं हे प्रत्येक पेनचं वेगळं असतं, काहींचं तीन, काहींचं दहा, तेव्हा तुमच्या पेनवरची सूचना आधीच वाचून ठेवा. साधारणपणे 15 ते 30 किलोच्या मुलाला 0.15 मिलिग्रॅमचं पेन आणि त्यापुढे 0.3 चं. मूल वाढतं आणि पेन जुनंच राहतं, म्हणून सुट्टी लागण्याआधी वजन करा आणि डॉक्टरांना विचारा. पेन मिळत नसेल आणि डॉक्टरांनी अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) व सिरिंज शिकवली असेल, तर मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेलं औषध किलोमागे 0.01 मिलिग्रॅम द्यायचं असतं, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 0.2 मिलिलिटर. हा हिशेब ऐनवेळी करायचा नाही. थरथरत्या हाताने दशांश चिन्ह चुकतं.

टोचल्यावर वेळ लिहा आणि रुग्णवाहिका बोलवा. मुलाला आडवं ठेवून पाय उंच करा. दम लागत असेल तर पाय पसरून बसवा, उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. बरं वाटतंय म्हणालं तरी उभं करू नका, चालवू तर मुळीच नका. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं राहणं जिवावर बेततं. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरा डोस. आणि फरक पडला तरी रुग्णालय टळत नाही, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा उलटू शकतात.

आमची पद्धत अगदी साधी आहे. एका वेळी एकाच मोठ्या माणसाकडे मूल सोपवायचं आणि औषधांचा कमरपट्टा त्याच्याच कमरेला. पट्ट्यात दोन इंजेक्शनं, डॉक्टरांनी लिहून दिलेला आराखडा, मोबाइल. दोन तासांनी माणूस बदलायचा, आणि पट्टा देताना तोंडाने म्हणायचं, "आता तुझ्याकडे." हे हास्यास्पद वाटतं म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडे पट्टा द्यायचा नाही. सरावाचं बिनसुईचं पेन मिळत असेल तर जेवायला बसण्याआधी प्रत्येकाकडून एकदा स्वतःच्या मांडीवर दाबून घ्या.

वाढण्याचं म्हणाल तर अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचं ताट सगळ्यांत आधी, डाव भांड्याभांड्यांत फिरायच्या आत भरायचं. त्याहून सोपा उपाय म्हणजे तो पदार्थ त्या दिवशी घरात आणायचाच नाही. वेगळा ओटा, वेगळी फळी, रंगीत चिकट्या हे सगळं पहिल्या तासापुरतं टिकतं.

जेवणातल्या बारीक चुका

- सॅनिटायझर चोळून मुलाच्या जवळ जाणं. अल्कोहोलने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. साबण आणि पाणी.
- "लॅक्टोजमुक्त" लिहिलेलं दुधाच्या अ‍ॅलर्जीला चालतं असं समजणं. साखर काढलेली असते, प्रथिन तसंच असतं. लेबलवर केसिन, केसिनेट, व्हे दिसलं की खाली ठेवा.
- गव्हाशिवायचं ते सीलिॲकला (ग्लूटेन या धान्यातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) चालणारं, असं धरणं. बार्लीत आणि राय या धान्यातही ग्लूटेन असतं.
- एकाच कढईत सगळं तळणं. तेल तापलं म्हणून प्रथिन नाहीसं होत नाही.
- नेहमीच्याच चॉकलेटची सणासुदीची छोटी पाकिटं न वाचता देणं. घटक किंवा कारखाना वेगळा असू शकतो. लेबल तीनदा वाचा: घेताना, कपाटात ठेवताना, देताना.
- इंजेक्शन गाडीच्या कप्प्यात किंवा फ्रिजमध्ये ठेवणं. जागा 20 ते 25 अंशांची, उजेडाआड. द्रावण गढूळ किंवा तपकिरी झालं असेल तर बदला.

अधीर पालकांची एक खास चूक इथेच सांगायला हवी. निदान होऊन थोडे दिवस झालेले असतात, कुठेतरी वाचलेलं असतं की भाजलेल्या पदार्थातलं दूध किंवा अंडं बऱ्याच मुलांना सोसतं. वाचलेलं खरंही आहे. पण त्याची चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून, वाढवत न्यायच्या मात्रेत होते. दवाखाने बंद असलेल्या दिवशी पाहुण्यांसमोर "चिमूटभर देऊन बघू" ही चाचणी नव्हे.

सरप्राइज देणं आणि दिवस ठासून भरणं

ऑटिझम असलेल्या किंवा आवाज, उजेड, स्पर्श सहन न होणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. मोठ्यांना वाटतं, मुलाला आनंद द्यायचाय तर आधी सांगायचं कशाला? या मुलांना पुढे काय होणार हे माहीत नसणं हाच मोठा ताण असतो. सकाळी नवे कपडे, दुपारी अनोळखी घर, तिथे वीस माणसं, प्रत्येकाला गालगुच्चा घ्यायचाय, संध्याकाळी लखलखते दिवे. रात्री आठला मूल जमिनीवर पडून किंचाळतं आणि लोक त्याला हट्ट म्हणतात. हट्टात मुलाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की तो संपतो. मेल्टडाउनमध्ये मेंदूवरचा भार पेलेनासा झालेला असतो. तेव्हा काहीही दिलं तरी ते लगेच थांबत नाही.

तयारी तीन-चार दिवस आधी सुरू करा. त्या घराचे आणि भेटणाऱ्या माणसांचे फोटो दाखवा. दिवसाची चार-पाच चित्रांची पट्टी करा: गाडी, आजीचं घर, जेवण, शांत खोली, परत घरी. शेवटचं चित्र विसरू नका, कारण हे कधी संपणार हेच मुलाला कळायला हवं असतं. झालेलं चित्र त्यालाच काढू द्या. यजमानांकडे एक खोली आधीच मागून घ्या, आणि त्यात कुणी कोट-पिशव्या टाकायला येणार नाही हेही सांगा. गर्दी जमायच्या आधी पोहोचा, म्हणजे माणसं एकेक करून वाढतात. कान झाकणारे हेडफोन आधी घरी घालायची सवय करा. त्याच दिवशी नवीन आणलेले फेकले जातात.

आणि निघा लवकर. पहिल्या वेळी पाऊण तास पुष्कळ झाला. सगळं छान चाललंय तेव्हाच उठायचं. "एवढा रमलाय, बसू की अजून थोडं" हा मोह बहुतेक रडारडीचं मूळ असतो. परतीचं वाहन स्वतःचं ठेवा; दुसऱ्याच्या गाडीने गेलात तर निघायची वेळ तुमच्या हातात राहत नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, कानावर हात, येरझाऱ्या, टेबलाखाली शिरणं ही निघायची सूचना. सुरूच झालं तर दिवा मंद करा, माणसं बाहेर काढा, प्रश्न विचारू नका. "काय झालं? सांग ना!" हे त्या क्षणी आणखी एक ओझं. शब्द थोडे आणि आवाज हळू.

नातेवाइकांना आधीच सांगा की मिठीऐवजी हात हलवला तरी नमस्कार पोहोचतो. हे सांगायची जबाबदारी मुलावर टाकू नका.

ही मुलं गर्दीतून हळूच निसटतात आणि पाण्याकडे ओढली जातात. नव्या ठिकाणी गेल्यागेल्या दारं, फाटक, टाकी, तलाव पाहून घ्या आणि मनगटाच्या पट्टीवर तुमचा फोन नंबर लिहा. बोलण्यासाठी टॅबलेट किंवा चित्रांचं पुस्तक वापरत असेल तर ते चार्जरसह बरोबर हवंच. "दोन दिवसांसाठी कशाला" म्हणून घरी ठेवणं म्हणजे मुलाचं तोंड बंद करणं.

अपस्मार (फिट येण्याचा आजार) असेल तर उशिरापर्यंतचं जागरण आणि चुकलेली गोळी ही जोडी सगळ्यांत वाईट. गोळीची वेळ मोबाइलच्या गजरावर, आणि प्रवासात औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. झटका पाच मिनिटांहून लांबला तर रुग्णवाहिका; तोंडात चमचा-बिमचा काही घालायचं नाही.

सुट्टी संपायच्या आधी आठवडाभर झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणा. शाळेची बॅग आणि बूट नजरेसमोर ठेवा. वर्गात नवे शिक्षक येणार असतील तर त्यांचा फोटोही चित्रांच्या पट्टीत घाला. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या शाळेतल्या इंजेक्शनची मुदत याच आठवड्यात तपासून घ्या, कारण सुट्टीत ते कपाटात तसंच पडून असतं.