हातच्याची वजाबाकी: आधी गठ्ठा सोडू द्या

वर्गात हातच्याची वजाबाकी सुरू झाली की ५२ − २७ चं उत्तर मूल हमखास ३५ लिहितं. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ते सरळ ७ मधून २ वजा करतं. हा निष्काळजीपणा नव्हे. दशक सुटा होतो हे त्याने पाहिलेलंच नसतं.

दहा-दहा काड्यांचे ५ गठ्ठे रबर लावून ठेवा, २ काड्या सुट्या. २७ मागा. रबर मुलालाच काढू द्या, तुम्ही काढू नका! आता गठ्ठे ४, सुट्या १२. बारातून सात गेले, पाच उरले. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले: २५.

काड्या हलवतानाच वहीत ५ खोडून ४ लिहायला सांगा. मग ४० − १६ द्या, शून्यापाशी मुलं हटकून अडतात. ताळा: २५ + २७ = ५२.