काळ्या मातीत घर बांधताय? मग पायाच्या खड्ड्यापासून सुरू करू

परभणी, नांदेड, अकोला, सोलापूर, काळ्या मातीच्या कुठल्याही गावात जा, एक चित्र हमखास दिसतं. घर दोन-तीन वर्षांचंच, रंग पण नवा, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली. मालक म्हणतो सिमेंट हलकं वापरलं, गवंडी म्हणतो सळई कमी टाकली, आणि भानगड असते खाली मातीत. माझ्या मावशीच्या घरात अशी एक भेग मी तीन वर्षं बघितली, मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं जायचं आणि ऑगस्टमध्ये पोस्टकार्डसुद्धा जाईना, दर दिवाळीला पुट्टी भरायची आणि उन्हाळ्यात ती परत हजर. भेग अशी ऋतूप्रमाणे उघडमीट करत असेल तर पुट्टीवर पैसे घालवू नका, माती हलतेय.

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार असतो, तो पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. आणि लोकांना पटत नाही ती गोष्ट म्हणजे हलक्या बांधकामाला याचा त्रास जास्त. तीन मजल्यांचं वजन फुगणाऱ्या मातीला बऱ्यापैकी दाबून धरतं, पण कंपाउंड वॉल, पोर्च, अंगणातला संडास यांना माती सरळ उचलते. त्यामुळे "आमचा एकच मजला आहे, एवढा खोल पाया कशाला" हे गणित इथं उलटं चालतं.

आधी माती तपासा. लॅबवाले करतात ती साधी टेस्ट अशी की चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम दोन नळ्यांमध्ये घ्यायची, एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत रॉकेल, आणि २४ तास ठेवून द्यायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १६ मिली भरली तर फुगवटा ६० टक्के. ५० च्या वर गेला की गांभीर्याने घ्या. पण ही टेस्ट फक्त माती फुगते का ते सांगते, भार किती पेलेल ते नाही, त्यासाठी एसबीसीचा (माती चौरस मीटरला किती भार सुरक्षित पेलते त्याचा) रिपोर्ट वेगळा घ्यावा लागतो. आणि तपासणीचा खड्डा एकच नको, प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत घ्या, कारण एका टोकाला पाच फुटांवर मुरूम आणि दुसऱ्या टोकाला बारा फुटांवर असं सर्रास असतं.

मग फुटिंगचं, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद बैठकीचं माप. आमच्याकडे ठेकेदाराचं ठरलेलं असतं, सगळीकडे चार बाय चार फूट. आता हिशोब करून बघा. मधल्या कॉलमच्या वाट्याला साडेतीन बाय चार मीटर, म्हणजे १४ चौरस मीटर स्लॅब येतो. भिंती, फरशी, माणसं सगळं धरून ढोबळ १.२ टन प्रति चौरस मीटर, दोन स्लॅबचे झाले ३३-३४ टन, फुटिंगचं स्वतःचं वजन धरून ३७. माती चौरस मीटरला १० टन घेत असेल तर ३.७ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सव्वासहा-साडेसहा फुटांचं चौकोनी फुटिंग. तीच माती २० टन घेणारी असेल तर साडेचार फुटांत भागतं. हा ढोबळ अंदाज आहे, डिझाइन नाही, पण चार बाय चार ऐकल्यावर प्रश्न विचारायला एवढं पुरतं.

आता पाया नेमका कसा करायचा. सहा-आठ फुटांवर घट्ट मुरूम किंवा मांजऱ्या खडक लागत असेल तर सरळ तिथपर्यंत जा, जास्त डोकं लावू नका. फक्त सगळी फुटिंगं एकाच थरावर बसवा, अर्धी खडकावर आणि अर्धी काळ्या मातीवर बसली की एक बाजू खचते आणि दुसरी हलत नाही, मग वरच्या भिंती तडकतात. खड्डा खोदला की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पीसीसी (तळाचा बिनसळईचा काँक्रीटचा थर) उरकून घ्या, एक वळवाचा पाऊस आला की तळ लोण्यासारखा होतो, आणि तसं झालंच तर ती मऊ माती खरवडून काढल्याशिवाय पीसीसी टाकू नका.

बारा-पंधरा फुटांपर्यंत काळीच माती असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेला, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब. रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) हे तंत्र अशाच मातीसाठी विकसित केलं. अशा खोल काळ्या मातीत लांबी कमीत कमी साडेतीन मीटर ठेवतात, कारण पावसाळा-उन्हाळ्याचा फरक तिथपर्यंत पोचतो. फुगवटा साधारण पाइलच्या व्यासाच्या अडीच पट, आणि वरची माती पाइलला उचलायला लागली की तोच खाली धरून ठेवतो. यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात, वरचा बीम मातीवर टेकवायचा नाही, खाली निदान ८० मिमी मोकळी जागा सोडायची. बीम टेकला की माती फुगून त्यालाच वर ढकलते आणि पाइलचा खर्च वाया.

तिसरा मार्ग मुरमाच्या भरावाचा. आयआयटी मुंबईच्या डॉ. आर. के. कट्टींनी न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर द्यायची पद्धत मांडली, साधारण मीटरभर जाडीचा. यातला चिकट हा शब्द महत्त्वाचा. नुसता भरड मुरूम टाकला तर त्या खड्ड्याचा हौद होतो, पाणी आत शिरतं आणि बाहेरच पडत नाही. सहा-सहा इंचांचे थर, पाणी, धुमस किंवा रोलर, असंच भरत या. जोत्याच्या आतही खोदलेली काळी माती परत ढकलू नका, ठेकेदार तेच करतो कारण ती फुकटात पडलेली असते, आणि मग तीन वर्षांनी हॉलमधल्या टाइल्स उठतात.

गुंठे-दीड गुंठ्याच्या प्लॉटचं दुखणं वेगळं. भिंत हद्दीला लावून पाहिजे, म्हणून कॉलम फुटिंगच्या काठावर येतो आणि फुटिंग कलंडायला बघतं. अशा वेळी ते आतल्या फुटिंगला स्ट्रॅप बीमने बांधा नाहीतर दोन्ही कॉलमना मिळून एकच फुटिंग करा. जुन्या घराला नवी खोली जोडताना मात्र उलट, बांधू नका, मध्ये इंचभर फट सोडा, जुनं घर बसून मोकळं झालेलं असतं आणि नवीन अजून बसायचं असतं.

वरच्या कामातलं थोडंच सांगतो. १९९३ च्या भूकंपात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं पडली आणि लोक आरसीसीकडे वळले, पण कॉलम मात्र भिंतीत लपावा म्हणून नऊ इंचीच राहिला. लातूर २००२ च्या भूकंप-नकाशात झोन तीनमध्ये आहे आणि तिथं आयएस १३९२० (२०१६) या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाप्रमाणे कॉलमची लहान बाजू निदान ३०० मिमी हवी. कोपऱ्यात तीन इंच बाहेर दिसेल, दिसू दे, तिथं कपाट करा. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगचं टोक काटकोनात सोडू नका, १३५ अंशात आत वळवा, बार बेंडर कुरकुर करेल कारण वेळ जास्त लागतो. फुटिंगला ५० आणि कॉलमला ४० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, आणि कव्हर ब्लॉक सिमेंटचे, खडीचे तुकडे नकोत. जमिनीखाली जाणाऱ्या कॉलमचा भाग नीट व्हायब्रेट करून घ्या, तो पुरला जाणार म्हणून तिथंच सगळ्यात जास्त पोकळ्या सोडतात. बाल्कनीची मुख्य सळई वर असते, काँक्रीट टाकताना माणसं तिच्यावर नाचून ती खाली दाबतात, म्हणून चेअर (सळई उचलून धरणारे टेकू) लावा आणि त्या वेळी स्वतः तिथं उभे राहा. काँक्रीटमधलं पाणी सिमेंटच्या पोत्याला २५-२७ लिटरच्या वर जाऊ देऊ नका, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. हल्ली बरंचसं सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असतं, त्याला निदान १० दिवस पाणी मारायचं, आपल्या उन्हात १४ दिवस मारलेलं बरं.

घर झाल्यावर पाण्याला लांब वाट काढून देणं हे अर्धं काम आहे आणि तेच कुणी करत नाही. घराभोवती निदान चार-पाच फुटांचा अ‍ॅप्रन, म्हणजे भिंतीलगतचा पक्का पट्टा करा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, खाली मुरूम दाबून. गच्चीचे पाइप पायाशी सोडू नका, गटारापर्यंत न्या. शोषखड्डा भिंतीपासून लांब ठेवा. बाथरूमच्या ट्रॅपची गळती दिसली की त्याच आठवड्यात बुजवा, घराच्या एकाच कोपऱ्याला बारमाही पाणी मिळालं की तो कोपरा वर येतो आणि बाकीचं घर तिथंच राहतं. पिंपळ, कडुनिंब असली मोठी झाडं भिंतीला खेटून नकोत, ती उन्हाळ्यात माती सुकवतात. आणि अ‍ॅप्रनच्या कडेला जास्वंद लावून रोज पाइप सोडायचा हट्ट घरात असेल, आमच्याकडे आहे, तर कुंड्या आणून द्या.