कोल्ह्याला गोळी घालावी का? आधी तपासायच्या आणि करायच्या गोष्टी

करडू गेलं, खुराड्यात नुसती पिसं उरली, की गावात पहिला विषय बंदुकीचा निघतो. राग समजण्यासारखा आहे. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्याला एक करडू जाणं ही किरकोळ गोष्ट नसते. पण आपल्याकडे कोल्ह्यावर गोळी चालवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी गोळीने नुकसान थांबत नाही. ते कशाने थांबतं आणि गोळीच्या बाजूचा कोणता मुद्दा खरोखर विचारात घ्यावा, ते इथे देत आहोत.

आधी मारेकरी ओळखा

कोल्ह्याच्या नावावर खपवलेल्या अनेक घटना गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या असतात. कुत्री एका रात्रीत पाच-सात जनावरं फाडतात. मागचे पाय, कान, शेपटी, जिथे तोंड पोचेल तिथे चावतात आणि फारसं खात नाहीत. कोल्हा बहुधा एकच लहान जनावर धरतो. गळ्याला किंवा मानेला चावतो, पोट किंवा बरगडीखालची बाजू फोडून आतडी-काळीज आधी खातो आणि जमलं तर उरलेलं ओढून नेतो. बिबट्या गळा एकदाच घट्ट धरतो. त्याच्या सुळ्यांच्या दोन खुणांमधलं अंतर चार-पाच सेंटिमीटर भरतं, कोल्ह्याचं साधारण दोन-अडीच. खुराड्यात बऱ्याच कोंबड्या मान-डोकं चावून तिथेच टाकल्या असतील तर मुंगसावर संशय घ्या. एखादीच पळवली असेल आणि पिसांचा माग बांधापर्यंत जात असेल, तर कोल्हा किंवा रानमांजर.

ठसा ओल्या मातीत बघा. कोल्ह्याचा पंजा कुत्र्यापेक्षा निमुळता आणि साधारण पाच सेंटिमीटर लांब असतो. पुढच्या पंजाची मधली दोन बोटं तळाशी एकमेकांना जोडलेली दिसतात. कुत्र्याची सुटी असतात. ही एक खूण पक्की बसली की अर्धे वाद मिटतात. खोकडाचा (इंडियन फॉक्सचा) ठसा कोल्ह्याहून बराच लहान. सोलापूर, बारामती, सुप्याकडच्या माळांवर दिसणारं, शेपटीचं टोक काळं असलेलं खोकड जेमतेम दोन-तीन किलोचं असतं. त्याचा जन्म उंदीर, टोळ, वाळवी आणि बोरं खाण्यात जातो. धडधाकट करडू मारणं त्याच्या आवाक्यातलं नाही. कोल्हा आठ ते अकरा किलोपर्यंत भरतो.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची आहे: जनावर जिवंतपणी मारलं की मेलेलं खाल्लं? कोल्हा मेलेलं आवडीने खातो. पशुवैद्यकांना गळ्यावरची कातडी सोलून बघायला सांगा. दातांच्या खुणांखाली रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी धरलं. मांस फिकट, कोरडं असेल तर आधीच मेलं होतं. नुकत्याच जन्मलेल्या करडाचे खूर पाहा. जन्मतः खुरांच्या टोकावर मऊ, पिवळट आवरण असतं आणि चालायला लागताच ते झिजतं. ते जसंच्या तसं असेल तर करडू उभंच राहिलं नव्हतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला आणि तो बुडाला, तर त्याने श्वासही घेतला नव्हता. मग दोष कोल्ह्याचा नाही. गाभण शेळीचा खुराक, लसीकरण आणि गर्भपाताचे आजार तपासायला हवेत.

गोळीच्या बाजूने काय म्हणता येतं

इंग्लंडमध्ये तांबड्या कोल्ह्याला (रेड फॉक्स, आपल्या कोल्ह्याहून वेगळी जात) असं संरक्षण नाही. तिथल्या 2004 च्या कायद्याने कुत्र्यांचा ताफा सोडून केलेली शिकार बंद झाली, बंदुकीवर बंदी आली नाही. मेंढ्या विण्याच्या दिवसांत परवानाधारक शेतकरी रात्री रायफलने कोल्हे टिपतात. त्यांचं म्हणणं असं की मेंढ्या उघड्या कुरणात वितात, शेकडो कोकरं एकाच वेळी जमिनीवर असतात, सगळ्यांना आत घेणं शक्य नसतं, आणि कोकरांना चटावलेला एखादा कोल्हा मारला तर ते दोन-तीन आठवडे निभावून जातात. हा मुद्दा खोटा नाही. एखादं जनावर खरोखर चटावतं आणि ते गेलं की काही दिवस शांतता मिळते.

पण आपला मेंढपाळ रात्री कळप वाघरीत, म्हणजे खुंटांवर ताणलेल्या दोरीच्या जाळीत, घेतो आणि स्वतः कुत्र्यासह शेजारी झोपतो. शेळ्या गोठ्यात असतात. जे तिथे जमत नाही ते, म्हणजे दार बंद करणं, आपल्याकडे रोज जमतं. त्यामुळे तिथला युक्तिवाद इथे तसाच लागू पडत नाही.

खरा वजनदार मुद्दा पिसाळलेल्या जनावराचा आहे. मुंबईत 2024 मध्ये कोल्ह्यांना रेबीज झाल्याचं तपासणीत निघालं. दिवसाढवळ्या वस्तीत शिरणारा, झोकांड्या खाणारा, लाळ गाळणारा, माणसाला न बिचकता अंगावर येणारा कोल्हा धोकादायकच समजा. त्यासाठी कायद्यात वाट आहे, ती पुढे येते.

विरुद्ध बाजू

कोल्हे जोडीने हद्द धरून राहतात. जोडीतला एक मारला की ती हद्द मोकळी होते आणि जागा शोधत भटकणारं तरुण जनावर तिथे येऊन बसतं. खुराड्याची जाळी फाटकी ती फाटकीच, गावाबाहेरचा कोंबड्यांच्या आतड्यांचा ढीग तिथेच. नवा कोल्हा त्याच वाटेने येणार. ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे कुत्र्यांसह होणारी शिकार जवळपास वर्षभर थांबली, तरी कोल्हे वाढल्याचं मोजणीत आढळलं नाही. त्यांची संख्या मुख्यतः अन्न आणि जागेवर ठरते.

उसात, मक्यात, भुईमुगात उंदीर आणि घुशी किती नासधूस करतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्यांना रात्रभर फुकट खाणारं जनावर कोल्हाच आहे. बोरं-जांभळं खाऊन त्यांच्या बिया तो माळभर पसरवतो, ते वेगळंच.

आणि बंदुकीचा धोका. साध्या .22 रायफलची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. रात्री माळावर समोर मातीचा उंचवटा नसेल तर ती कुठे थांबेल हे सांगता येत नाही, आणि त्याच माळावर कुणाचा तरी मेंढरांचा वाडा बसलेला असतो. छर्‍याच्या बंदुकीने लांबून मारलं तर कोल्हा मरत नाही. जबडा फुटून, पाय मोडून पळतो. मग त्याला उंदीर धरता येत नाही आणि तो आणखी वस्तीच्या कडेला सरकतो. पिल्लांच्या दिवसांत मादी मेली तर बिळात पिल्लं उपाशी मरतात.

विष घालणं आणि तारेत वीज सोडणं तर कधीच नको. विष घातलेलं मढं कुत्री, घारी, गिधाडं, मुंगसं सगळी खातात. कुंपणात सोडलेल्या विजेने आजवर कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर गेले आहेत. झटका देणारं सौर कुंपण वेगळं. त्याचं यंत्र क्षणभराचे झटके सोडतं. थेट लाइनची वीज त्याला जोडायची नाही.

कायदा नेमका काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. कोल्हा आता परिशिष्ट 1 मध्ये आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. खोकडालाही हाच कायदा संरक्षण देतो.

कलम 11 नुसार परिशिष्ट 1 मधलं जनावर मारण्याची लेखी परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं असेल किंवा बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल तरच. आधी पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य आहे का हे पाहावं लागतं. पीक किंवा जनावरांचं नुकसान हे कारण परिशिष्ट 1 ला चालत नाही. रानडुकरासाठी गावात कुणाला परवानगी मिळाली असेल तर ती रानडुकरापुरतीच. इथे हमखास गल्लत होते. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारलं गेलं तर तो गुन्हा धरत नाहीत. कोंबडी वाचवताना मारलं, हे त्यात बसत नाही.

पिसाळल्याचा संशय आला की मुलं आणि जनावरं आत घ्या, जवळ जाऊ नका, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. मेलेल्या जनावराचं डोकं ठेचू नका. रेबीजची खात्री मेंदूच्या तपासणीतून होते. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दंडातल्या लशीचे दिवस 0, 3, 7, 14 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही मागा. चावलेली शेळी किंवा गाय वेगळी बांधा आणि पशुवैद्यकांना दाखवा.

नुकसान थांबवणारी कामं

खुराड्यापासून सुरुवात करा. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी दाताने ओढली की उसवते, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी घ्या. सगळ्यात जास्त चूक होते ती तळाशी. कोल्हा उडी मारण्यापेक्षा उकरून आत येतो. जाळी 30 सेंटिमीटर जमिनीत पुरा आणि मग बाहेरच्या बाजूला 45 सेंटिमीटर आडवी वाकवून वर माती-दगड टाका. तो भिंतीला लागून उकरतो, जाळीला अडतो आणि मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. मोकळ्या फिरण्याच्या जागेचं कुंपण सहा फूट उंच, वरचं टोक बाहेर झुकलेलं. दाराखालची फट दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर मुंगूस येईल. कडी वर आणि खाली अशा दोन जागी लावा, कारण एकाच कडीचं दार खालून वाकतं. कोंबड्या सूर्य मावळायच्या आत कोंडा. तिन्हीसांजेला आणि पहाटे कोल्हा सर्वांत जास्त फिरतो. कोंबड्यांच्या बाबतीत सरकारी भरपाईवर विसंबू नका.

शेळी व्यायली की वार पडल्याबरोबर उचला आणि तीन फूट खोल पुरा. रक्ताने भिजलेली मातीही खरवडून टाका. कोल्हा त्या वासावर येतो आणि मग त्याला करडू दिसतं. पहिले पंधरा दिवस करडं रात्री आत, वजनदार डालग्याखाली किंवा बंद खणात ठेवा. वाघरीचे खुंट दोन-दोन हातांवर ठोका आणि खालची दोरी जमिनीला टेकवा. वाघर वरून ताठ आणि खालून सैल असेल तर कोल्हा सरळ खालून घुसतो. मेलेलं जनावर ओढ्यात फेकू नका. भरपाईसाठी पंचनामा लागणार नसेल तर लगेच, नाहीतर तो झाल्यावर, पुरून वर चुना टाका. चिकनच्या दुकानांचा कचरा उघड्यावर पडत असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार द्या. एकट्या खुराड्याची डागडुजी त्या ढिगापुढे पुरी पडत नाही.

लुकलुकणारे दिवे, रेडिओ, फटाके सुरुवातीला काम करतात, पण आठवड्याभरात कोल्हा सरावतो. दिवे फक्त विण्याच्या दिवसांत लावा आणि दर दोन-तीन रात्रींनी जागा बदला. राखणीच्या कुत्र्याला रेबीज आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराची लस टोचा. डिस्टेंपर कुत्र्यांकडून कोल्ह्या-खोकडांत जातो.

करडू किंवा मेंढरू मेलंच तर मढं हलवू नका. फोटो काढा आणि 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. महाराष्ट्राच्या भरपाई योजनेत कोल्हा आहे. चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. मढं आधीच पुरलं की दावा बहुधा तिथेच अडकतो.

उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या चावलेल्या सापडतात. कोल्ह्याला त्यातलं पाणी हवं असतं. बांधाच्या कडेला, घर-गोठ्यापासून लांब, जमिनीत रुतवलेलं सिमेंटचं उथळ टाकं भरून ठेवलं तर नळ्या वाचतात. कलिंगडाच्या फडात शेवटचे तीन आठवडे राखण ठेवा, त्याआधी फारसा उपद्रव नसतो.

ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हातात घेऊ नका, घरी नेऊ नका. तेवढी सरी सोडून तोड पुढे न्या, माणसं आणि कुत्री लांब ठेवा, 1926 ला कळवा. बहुतेक वेळा मादी रात्रीतून एकेक करून पिल्लं दुसरीकडे हलवते. फड पेटवायचा असेल तर आधी आतून माणसं फिरवा आणि चारही बाजूंनी एकदम आग लावू नका.