जुन्या मोटरहोमचा बॅटरी कटऑफ: या चुका टाळा

श्रावण लागला की फोन सुरू होतात. जूनपासून सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी गणपतीला कोकणात न्यायची असते आणि आतले दिवे लागत नाहीत. समोरचा माणूस ठामपणे सांगतो, "बॅटरी गेली," नाहीतर "कटऑफ गेला." मीटर लावून बघितलं का विचारलं की उत्तर नाही असंच येतं. अंदाजाने सामान बदलण्याची ही घाई बघून मला खरंच त्रास होतो, कारण त्यात पैसे जातात आणि दोष गाडीतच राहतो.

मी बोलतोय तो आतल्या बॅटरीचा कटऑफ, म्हणजे दिवे, पंप, पंखा, फ्रिज यांचा मेन स्विच. इंजिनाची बॅटरी वेगळी. हे दोन आधी वेगळे करा, मग पुढचं वाचा.

लोड न देता व्होल्ट मोजणं

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघतो. बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका गणपतीच्या चार दिवस आधी वडाळ्याला माझ्याकडे गाडी घेऊन आले. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आत दोन बंक, छोटा ओटा, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. एक दिवा लावला तर लख्ख. पंप सुरू झाला की सगळे दिवे मलूल, आणि फ्रिज दोन मिनिटांत बंद. काकू म्हणाल्या, "दादा, पंखा रडल्यासारखा फिरतो हो." माझं निम्मं निदान त्या वाक्यातच झालं. व्होल्ट मध्येच कुठेतरी खाल्ले जात होते.

आधीच्या वायरमनने कटऑफ तपासला होता. स्विचच्या अलीकडे १२.६ व्होल्ट, पलीकडेही १२.६. म्हणून स्विच ठीक, बॅटरी बदला. इथेच सगळे फसतात. काहीच चालू नसेल तर काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमधूनही मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. नळ बंद असताना गंजून बुजलेल्या पाइपातही पाणी भरलेलं असतंच. तोटी उघडली की करंगळीएवढी धार येते, तेव्हा कळतं.

मी पंप, पंखा, फ्रिज, दिवे सगळं चालू केलं. साधारण १५ अँपिअर झाले. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) येणाऱ्या केबलच्या थिंबलवर, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या तांब्याच्या कड्यावर, दुसरा जाणाऱ्या केबलच्या थिंबलवर टेकवला. इथे ०.१ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला १.४. म्हणजे २१ वॉट नुसते स्विचपाशी तापून जात होते. नॉबला हात लावला तर चांगलाच गरम. त्यानंतर प्रोब थिंबलवरून काढून स्विचच्या बोल्टच्या टोकांवर ठेवले, तेव्हा ०.५ आले. म्हणजे स्विचच्या पोटात अर्धा व्होल्ट, आणि उरलेले ०.९ बाहेरच्या जोडांवर. हे दोन्ही आकडे घेतल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही.

नट काढल्यावर दिसलं की थिंबलच्या खाली, बैठकीवर, कोणीतरी स्प्रिंग वॉशर घातला होता. सगळा करंट त्या लोखंडी वॉशरच्या कडेतून जात होता. वॉशर काळा पडलेला, आणि तांब्याच्या थिंबलवर हिरवा कळंक. पितळी भांड्यात ताक राहून कळकतं, तोच हिरवा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत उघडं तांबं असंच होणार. थिंबल थेट बैठकीवर बसलं पाहिजे, त्यावर साधा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. या क्रमात बदल नाही.

थिंबल पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, स्विच नवा घातला, जोड आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. त्याच लोडवर मीटर ०.०४. बॅटरीला हातही लावला नाही. आधीच्या दोन बॅटऱ्या काकांनी बदलीत देऊन टाकल्या होत्या. त्या चांगल्या असणार, याचं मला आजही वाईट वाटतं.

स्विच उघडून आतले कॉन्टॅक्ट घासून परत बसवणारे मिस्त्री आहेत. मी ते करत नाही. एकदा खड्डे पडलेला कॉन्टॅक्ट सपाट बसत नाही, सहा महिन्यांत परत तापतो.

डायरेक्ट मारणं

तपासणीपुरता स्विचच्या दोन बोल्टांमध्ये जाड केबलचा तुकडा जोडून बघणं बरोबर आहे. केबल लावल्यावर सगळं नीट चाललं तर दोष स्विचचा किंवा त्याच्या जोडांचा. पण तो तुकडा तसाच ठेवून सहलीला निघणं, हे मला अजिबात मान्य नाही. एका तरुण मुलाने व्हिडिओ बघून घरातली दीड स्क्वेअर एमएमची वायर तिथे पिळून बांधली होती, "फक्त अलिबागपर्यंत" म्हणून. गाडीत १००० वॉटचा इन्व्हर्टर. तो पूर्ण चालला तर १२ व्होल्टवर ९० अँपिअरच्या वर ओढतो. त्यांनी मिक्सर लावला आणि वायरचं प्लास्टिक वितळून बंकच्या गादीला चिकटलं. नशिबाने लगेच वास आला आणि बहिणीने बॅटरीचा टर्मिनल खेचून काढला. शॉर्ट झालं तर हाताशी तोडायला काहीतरी असावं म्हणूनच हा स्विच असतो. वेळ नसेल तर त्या दिवशी आतली लाइन बंद ठेवा, टॉर्च घेऊन जा.

बाहेरच्या २३० व्होल्टचा प्लग लावून तपासू नका. बऱ्याच गाड्यांत चार्जरच आतली लाइन चालवतो, आणि मेलेला कटऑफही जिवंत वाटतो.

कटऑफ बंद ठेवूनही बॅटरी उतरते, म्हणून स्विच खराब असं धरू नका. गॅस गळतीचा अलार्म, सोलरचा कंट्रोलर, टेपची मेमरी यांच्या वायरी बऱ्याचदा मुद्दाम स्विचच्या आधी जोडलेल्या असतात. ५० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही वाटतं, पण दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, महिन्याला ३६. १०० अँपिअर-तासांची बॅटरी पावसाळाभर उभी राहिली तर झोपणारच. कटऑफ बंद करून मीटर अँपिअरवर घ्या आणि निगेटिव्हमध्ये सिरीजला लावा, मग एकेक फ्यूज काढत बघा. मीटर लावलेला असताना पंप चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. कटऑफ निगेटिव्हमध्ये असेल तर आणखी एक गोष्ट बघा: नंतर बसवलेल्या एखाद्या वस्तूची अर्थ थेट बॅटरीवर नेली असेल, तर स्विच बंद करून तिला काही फरक पडत नाही.

बाहेरून आलेल्या जुन्या मोटरहोममध्ये बऱ्याचदा दाराजवळ छोटं बटण असतं आणि खरा कटऑफ म्हणजे बॅटरीजवळचा लॅचिंग रिले, म्हणजे विजेच्या एका झटक्याने चालू-बंद होऊन तसाच राहणारा स्विच. बटण क्षणभर दाबायचं, "टक" ऐकू आलं की सोडायचं. आवाज आला नाही म्हणून ते दाबून धरणारे लोक कॉइल जाळतात. आधी त्या बटणाचा छोटा फ्यूज बघा आणि बॅटरी चार्ज करा. बॅटरी फार उतरली असेल तर रिले ओढतच नाही.

इंजिनाच्या बॅटरीलाही कटऑफ असेल तर इंजिन चालू असताना तो फिरवू नका. अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि डायोड जाऊ शकतात.

टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी आणि कडं काढून खिशात.

नवीन स्विच घेताना दुकानदाराला सलग किती अँपिअर चालतात ते विचारा. पाकिटावरचा मोठा आकडा बऱ्याचदा काही सेकंदांपुरता असतो. इन्व्हर्टर असेल तर मी सलग २०० अँपिअरचाच घेतो, सोबत ३५ स्क्वेअर एमएमची केबल, आणि थिंबल लोहार चाळीतून (मुंबईचा विजेच्या सामानाचा बाजार) दाबून घेतो, हातोडीने ठोकून नाही. बसवल्यावर पहिल्या प्रवासातून आलात की नट एकदा परत आवळा. लोडवरचा आकडा तारखेसह चिकटपट्टीवर लिहून स्विचशेजारी लावा. पुढच्या श्रावणात मोजाल तेव्हा तो ०.०४ चा ०.१५ झाला असेल, तर दिवे मलूल व्हायची वाट न बघता जोड उघडून साफ करा.